श्वेतपत्रिकेची कुळकथा

सरकारनें अमुक विषयावर 'श्वेतपत्रिका' काढावी, अशी मागणी आपण वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचतों. विलायतेंत पार्लमेंटपुढें ठेवावयाचे जाडे अहवाल निळ्या वेष्टनांत बांधीत. त्यांस 'ब्लू बुक' म्हणत. लहान लेख वेगळें वेष्टन न घालतां पांढऱ्या कागदांतच पुढें येत. नांवाचा उगम एवढाच. निर्मळपणाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

आपल्या राजकारणांत ह्या कागदाचें मोठें प्रयोजन पडलें तें मार्च १९३३ मध्यें. गोलमेज परिषदेच्या तीन बैठकी आटोपल्यावर ब्रिटिश सरकारनें हिंदुस्थानच्या भावी घटनेविषयींच्या आपल्या सूचना श्वेतपत्रिकेच्या रूपानें प्रसिद्ध केल्या. तो कायदा नव्हता; सरकार काय करूं इच्छितें, याचें तें जाहीर निवेदन होतें. त्याची छाननी लॉर्ड लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीनें केली. डॉ. आंबेडकर, बॅ. जयकर व ना. म. जोशी हे हिंदी प्रतिनिधी म्हणून तेथें बसले, साक्षीदारांस प्रश्न विचारते झाले. परंतु अहवालावर मत देण्याचा अधिकार त्यांस नव्हता. ज्यांच्या घराचा प्रश्न, त्यांनींच पाहुण्यासारखें बसावें, असा हा प्रकार! १९३४ सालीं अहवाल आला, पुढल्या वर्षीं कायदा झाला, आणि १९३७ च्या आरंभीं प्रांतिक निवडणुका झाल्या. तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडणाऱ्या, वसईजवळच्या उमेळे गांवांत मालमत्तेच्या वा शिक्षणाच्या अटींत बसणारे जे कोणी मतदार असतील, त्यांस मतपेटीची वाट दाखविली ती ह्याच कागदानें. त्यांतील संघराज्याची योजना मात्र कधींच अंमलांत आली नाहीं.

स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९४८ सालीं संस्थानांविषयीं श्वेतपत्रिका काढली, तिचा रोंख निराळा होता. १९३३ ची पत्रिका पुढें काय करावयाचें तें सांगत होती. ही, काय केलें व कां केलें, याचा हिशेब देत होती. आजची मागणी बहुधा ह्या दुसऱ्या जातीची असते.

महाराष्ट्रांत २०१२ सालीं पाटबंधाऱ्यांवरून हेंच झालें. सुमारें ७० हजार कोटी रुपये खर्चूनहि दशकांत सिंचनाखालील क्षेत्राचें प्रमाण अवघें ०.१ टक्का वाढलें, असें आर्थिक पाहणीवरून निघालें. सप्टेंबरांत उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीं राजीनामा दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस श्वेतपत्रिका आली, आणि तिनें वाढ त्याहून पुष्कळ अधिक दाखविली. ती लिहिली जलसंपदा विभागानें, म्हणजे ज्याच्या कारभारावर आक्षेप होता त्यानेंच. अशा पत्रिकेंत आंकडे मिळतात, निवाडा मिळत नाहीं, असें आम्हांस वाटतें. आणि तिच्याकडून निवाड्याची अपेक्षा धरणें हीच मुळांत चूक होय. तिचा उपयोग एवढाच कीं, सरकार आपल्या तोंडच्या आंकड्यांनीं बांधलें जातें. वर्ष संपतां संपतां माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं विशेष तपास पथक नेमावें लागलें, व त्याचा अहवाल २०१४ सालीं विधिमंडळापुढें आला.