नकाशात नसलेली खोली

आम्ही मीरा-भाईंदरमध्ये बचत गटांचं काम बघतो. आज तुमच्याशी बोलायचंय ते इथल्या जुन्या इमारतींबद्दल आणि हायवेकडेच्या त्या रात्रीच्या वस्तीबद्दल, जिथं लॉज आहेत, बार आहेत. तुम्ही म्हणाल, आम्ही गावाकडच्या बाया, आम्हाला त्या बारचं काय घेणं? घेणं आहे. या वस्तीतून कितीतरी गावांत पैसा गेलाय. त्या पैशानं कौलं जाऊन स्लॅब पडलेत, भावांची शिक्षणं झालीत, बहिणींची लग्नं लागलीत. आता इथल्या इमारती पाडायची वेळ आली आहे. तो पैसा धाडणारी बाई या हिशेबात कुठं बसते, ते बघू.

आधी हे गाव कसं होतं ते सांगतो. भाईंदर, मीरा, काशी, नवघर, घोडबंदर ही सगळी खाडीकाठची गावं. भातशेती, मासेमारी आणि मिठागरं. आगरी, कोळी, ख्रिस्ती लोकांची वस्ती. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला, एवढी जुनी जागा. पण आमच्या विषयाला महत्त्वाचं साल आहे १८७०. त्या वर्षी इंग्रज सरकारनं इथल्या जमिनीचा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिला. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचा, आणि त्या बदल्यात शेतकऱ्यांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार. शेत कसणाऱ्याला कोणी विचारलं नसणार. ९९९ वर्षं म्हणजे किती पिढ्या, तुम्हीच मोजा. पुढे हे हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले, आणि आजही इथल्या जमिनीच्या व्यवहारात आणि इमारत नव्यानं बांधताना हा जुना कागद आडवा येतो. वाद कोर्टात आणि सरकारदरबारी गेले. इंग्रज गेले, मिठागरं आटली, भातशेतीवर चार-चार मजले चढले, कागद मात्र जिवंत आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मुंबईची हद्द दहिसरला संपते. तिथं जकात नाका होता. ट्रकवाले तासन् तास थांबायचे. थांबणाऱ्या माणसाला चहा लागतो, जेवण लागतं, झोपायला खाट लागते, आणि काहींना आणखी काही लागतं. नाक्याच्या अलीकडे मुंबई पोलीस, पलीकडे ठाणे ग्रामीण पोलीस. मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी वेगळं पोलीस आयुक्तालय झालं ते थेट १ ऑक्टोबर २०२० ला. हद्दीवरच्या जागेला कोणाचाच पुरता पहारा नसतो, हे तुम्हाला दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या दारूच्या गुत्त्यावरून माहीत असेलच. काशीमिऱ्याच्या हायवेवर लॉज आणि बार वाढले त्यात ही हद्द मोठं कारण आहे, असं आमचं मत.

त्याच काळात शहरही वाढलं. मुंबईतली जागा परवडेना, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची कामं गेली, १९९२-९३ च्या दंगलीनंतर कितीतरी मुस्लिम कुटुंबं मीरा रोडला आली. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत इथं पावणेदोन लाख माणसं होती, २०११ ला आठ लाखांवर गेली. वीस वर्षांत साडेचार पटीहून जास्त. एवढ्या माणसांना घरं घाईघाईनं बांधली गेली. काही इमारती तर ग्रामपंचायतीच्या काळातल्या परवानगीवर उभ्या राहिल्या. खाडीची खारी हवा लोखंडाला खाते. सळी गंजली की फुगते, आणि सिमेंटचे पापुद्रे सुटायला लागतात. तीस-पस्तीस वर्षांत स्लॅबचे तुकडे जेवणाच्या ताटात पडायला लागले.

आता रात्रीच्या धंद्याकडे येऊ. तो इथं नवीन नाही, मुंबईतून सरकत आलेला आहे. इंग्रजांच्या काळात ग्रँट रोडला नाटकाची थेटरं होती. १८४६ मध्ये तिथं ग्रँट रोड थिएटर सुरू झालं. इंग्रजी ‘प्ले हाऊस’चं लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झालं. तिथं आपल्याकडचे तमाशाचे फडही लागायचे. शेजारी कामाठीपुरा. हे नाव निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलं. रस्ते आणि इमारती बांधणारे ते हात होते. पुढं इंग्रजांच्या अमलात तिथं वेश्यावस्ती वाढली, आणि मजुरांचं नाव बदनामीला चिकटलं.

१९८० नंतर डान्स बार वाढले, ते उपनगरांत आणि मग हद्दीबाहेरही आले. पैसा रोख, रात्रीचा. मीरा रोडच्या नव्या इमारतींत या बायकांना भाड्यानं खोल्या मिळायच्या. सोनिया फलेरो यांचं २०१० मध्ये आलेलं ‘ब्युटिफुल थिंग’ हे इंग्रजी पुस्तक मीरा रोडला राहणाऱ्या अशाच एका बाईचं आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं डान्स बारवर बंदी घातली. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट दिली. मोठ्या हॉटेलात नाच चालेल, छोट्या बारात अनीती! मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि बार बंदच राहिले. १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानंही बंदी चुकीची ठरवली. सरकारनं २०१४ मध्ये पुन्हा बंदी आणली, २०१६ मध्ये नवा कायदा केला, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्याही बऱ्याच अटी कोर्टानं काढून टाकल्या. चौदा वर्षं हा खेळ चालला. बारबालांच्या संघटनेकडून तेव्हा आकडा सांगितला जायचा ७५ हजार बायकांचा. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं महिला संघटनांना घेऊन त्या वेळी या बायकांशी बोलून अभ्यास केला होता. त्यात दिसलं की बऱ्याच जणींच्या कमाईवर अख्खं घर चालत होतं.

बंदीनं धंदा संपला नाही, त्यानं रूप बदललं. ऑर्केस्ट्रा बार झाले. गाणारीला परवानगी आहे, नाचणारीला नाही, मग नाचणारी हातात माईक धरून उभी. आणि धाड पडली की लपायला जागा हवी. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीच्या एका बारमध्ये पोलिसांनी मेकअपच्या खोलीतला मोठा आरसा फोडला, तर मागं खोली, आणि तिच्यात १७ बायका. आमच्याकडच्या बारांतही अशा चोरखोल्या सापडल्याच्या बातम्या येत राहतात. मैत्रिणींनो, त्या खोलीचा जरा विचार करा. ती पालिकेच्या नकाशात नाही. तिच्यात बसलेली बाई हजेरीपटावर नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या आदेशानंतर इथल्या बारांच्या बेकायदा बांधकामांवर बुलडोझर फिरला. टीव्हीवर भिंती पडताना दिसल्या. तिथं कामाला असलेल्या बाया दुसऱ्या दिवशी कुठं गेल्या, ते कोणी दाखवलं नाही. बार चांगले, ते राहू द्या, असं आम्ही म्हणत नाही. तिथं पोरींची काय पिळवणूक होते ते आम्ही जवळून ऐकतो. पण भिंत पाडणं आणि बाईची सोय करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याकडं पहिलंच तेवढं होतं.

आता पुनर्विकास. हा शब्द इथं सध्या दर दोन इमारतींआड ऐकू येतो. जुनी चार मजली इमारत पाडायची, बिल्डरनं तिथं वीस-बावीस मजली बांधायची, जुन्या सभासदांना फुकट नवं घर द्यायचं आणि वरचे मजले विकून आपला नफा काढायचा. मेट्रोचे खांब उभे राहिले तसे जागेचे भाव चढले, म्हणून बिल्डर दारात येतात. तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी होते. ‘सी-१’ शेरा पडला म्हणजे अतिधोकादायक, खाली करा. हे झालंच पाहिजे, त्यात शंका नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्यात बांधकामावरचे मजूर होते, त्यांची लेकरं होती.

पण नवं घर कोणाला मिळतं? सोसायटीच्या सभासदाला. २०१९ च्या सरकारी नियमांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते, म्हणजे हात वर करायचा हक्कही सभासदाचा. बिल्डर दोन-तीन वर्षं दुसरीकडे राहायचं भाडं देतो, तेही सभासदालाच. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, हा प्रश्न येतो, आणि तिथं तो १८७० चा कागदही वर येतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या बाईला मात्र कोणी विचारत नाही. कायद्यानं तिचा हक्क बनत नाही, हे खरं. बारमध्ये काम करणाऱ्या बाईचं तर करारपत्रही बहुतेक दुसऱ्या कोणाच्या नावानं असतं, दलालाच्या नाहीतर ‘भाऊ’ म्हणवणाऱ्याच्या. भाडं ती भरते, सही त्याची. आमच्या एका गटातल्या ताई चौदा वर्षं एका बारच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, मागच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. इमारत सी-१ झाली. घरमालकाला बिल्डरचं भाडं सुरू झालं, ताईंना आठ दिवसांची मुदत. रेशन कार्ड, मुलीची शाळा, बँकेचा पत्ता, सगळं त्या खोलीचं. त्यांच्या नावाचा त्या पत्त्यावरचा सलग पुरावा काय निघाला? आमच्या गटाचं पासबुक. दर महिन्याला शंभर रुपये.

कामाठीपुऱ्यातही तेच दिसतंय. त्या पंधरा-एक गल्ल्यांतल्या जुन्या इमारती एकत्र घेऊन म्हाडामार्फत नव्यानं बांधायचं सरकारनं ठरवलंय. तिथं मीरा रोडपेक्षा एक गोष्ट बरी, जुने भाडेकरू आहेत. १९४७ च्या भाडे कायद्यानं पावतीवाल्या भाडेकरूला पक्का हक्क दिला, म्हणून त्याला नवी खोली मिळायची. पण कोठ्यातल्या खाटेचं भाडं रोजच्या रोज घरवालीला देणाऱ्या बाईला पावती कुठली? तिनं त्या खोलीत तीस वर्षं काढली असली तरी पावती घरवालीची, नाहीतर मालकाची.

आता तुमच्याकडचं टोक बघा. या बायांनी गावाकडं पैसे धाडले. घर बांधलं गेलं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव कोणाचं? बापाचं, मग भावाचं. गंमत बघा, बारबंदी आली ऑगस्ट २००५ मध्ये, आणि हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाएवढा हक्क देणारी दुरुस्ती देशभर लागू झाली ९ सप्टेंबर २००५ ला. महाराष्ट्रानं तर तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. म्हणजे कामावरून काढलेली बाई त्याच पावसाळ्यात गावी जाऊन म्हणू शकली असती, माझा वाटा द्या. किती जणी म्हणाल्या? आम्ही विचारतो तेव्हा उत्तर येतं, “भावाशी वाकडं कोण घेणार?” आणि गाव तर तिच्या पैशाच्या घरात जेवून तिलाच नावं ठेवतं. नवरा-बायको दोघांचं नाव घराला लावायची सोय सरकारनं केली, चांगलंच झालं. पण बिनलग्नाची, नवऱ्यानं टाकलेली, पैसे धाडणारी बहीण त्या सोयीत बसत नाही. तिला वारसानं नाहीतर बक्षीसपत्रानं नाव लावावं लागतं, आणि ते भाऊ राजी असेपर्यंतच सोपं जातं.

म्हणून तुमच्या गटाकडं एक काम मागतो. गटातल्या ज्या घरांतली मुलगी, बहीण, नणंद शहरातून पैसे पाठवते, ती काय काम करते ते विचारू नका. तिच्या पैशानं बांधलेल्या घराचा नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीतून काढा आणि त्यावरची नावं वाचा. अर्ज साधा असतो, फी थोडी असते, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) देतात. पैसे बँकेतून येत असतील तर त्या नोंदी जपून ठेवा. आम्ही इकडं आमच्या गटांत भाड्याच्या पावत्या गोळा करायला लागलोय. घरमालक पावती देत नसेल तर भाडं रोख न देता फोनवरून द्या, म्हणजे नोंद राहते, असं सांगतो. निम्म्याहून जास्त जणींनी ते सुरू केलंय. बाकीच्यांचे घरमालक म्हणतात, रोखच द्या, नाहीतर खोली सोडा.