देऊळ फिरले, घर फिरेल का?

आमच्या औंढ्याच्या नागनाथाचा नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. नामदेवांना कीर्तनातून उठवून मागे धाडले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा येथले पोरही सांगते. पण मारून बाहेर काढलेल्या बाईकडे तिचे घर फिरल्याची कथा मी कधी ऐकली नाही. त्या घरावर तिचा हक्क काय, हा प्रश्न मात्र फार जुना आहे.

चालुक्यांच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. बायकोला टाकणाऱ्याने धनाचा तिसरा हिस्सा तिला द्यावा, असे त्या स्मृतीत आहे. परंतु ती बायको कशी हवी? आज्ञेतली, कामसू, वीर पुत्राची आई आणि गोड बोलणारी! एवढ्या परीक्षा उतरल्यावर मिळे तो धनाचा हिस्सा, उंबरठा नव्हे.

इंग्रजी अमलात रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ साली झाला. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखविली. जिला घरात जायचे नव्हते तिला कायदा आत ढकलीत होता; जिला राहायचे होते तिला ठेवून घेण्याचे बळ त्याच्यात नव्हते. १९४६ च्या कायद्याने छळ झालेल्या हिंदू पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता येऊ लागली. म्हणजे बाहेरचे दार उघडले. आतले बंदच राहिले.

भाड्याच्या घरात तर दुहेरी संकट. भाडेकरू नवरा, तो निघून गेला की घरमालक दारात उभा. २००५ साली अचला आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की, लग्न टिकून आहे तोवर टाकलेली पत्नी नवऱ्याच्या जागी उभी राहून तो दावा लढवू शकते. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर तिच्या नावावर असो वा नसो, मालकीचे असो वा भाड्याचे, नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच बाहेर काढू शकतो, किंवा तसेच दुसरे घर अथवा त्याचे भाडे द्यायला लावू शकतो. पण लागू होऊन दोन महिने होतात न होतात तोच, सासूच्या मालकीचे घर यात बसत नाही, असा निकाल आला. तो चुकीचा ठरायला २०२० साल उजाडले. मधली चौदा वर्षे कितीजणींनी कोणाच्या ओसरीवर काढली असतील!

सरकारी मदतीचेही तसेच. १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित स्त्रिया बसतात. पण अर्जाला रहिवासाचा दाखला लागतो. घरच गेले तिने तो कोठून आणावा?

परवा पोराचे नाव घालायला एक बाई शाळेत आली. रजिस्टरात पत्त्याच्या रकान्याशी मी थांबलो.

"गुरुजी, भाऊ म्हणतो माझा पत्ता देऊ नको. अन् तिथून तर मला हाकललं."

"कायद्याने ते तुमचेच राहते घर आहे, बाई," मी म्हणालो.

"असंल. पर कायदा रातीला तिथं माझ्यासंगं राहील का?"

मी नवऱ्याच्या घराचा पत्ता लिहिला. शाळा सुटल्यावर तिला घेऊन संरक्षण अधिकाऱ्याच्या कचेरीची वाट धरली. तिच्या प्रश्नाला उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते.