ऑनची बखर

स्कूटर विकत घ्यायची तर आधी पोस्टात जावे लागे, असे आजच्या तरुणास सांगितले तर तो ते थट्टेवारी नेईल. परंतु १९५९ साली मोटारींच्या आणि पाठोपाठ १९६० साली स्कूटरींच्या वाटपाविषयी व विक्रीविषयी केंद्र सरकारने जे नियंत्रण-हुकूम जारी केले, त्यांच्या अमलात बयाण्याची रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात भरावयाची, ते पासबुक विक्रेत्याच्या नावे तारण लिहून द्यावयाचे, आणि मग त्याच्या नोंदवहीत जो नंबर पडेल तो घेऊन वर्षानुवर्षे स्वस्थ बसावयाचे, अशी वहिवाटच पडून गेली होती. या नंबराच्या पोटी जो एक समांतर व्यवहार जन्मास आला, ज्याची नोंद कोणत्याही खातेवहीत नव्हती आणि ज्याचा भाव मात्र पुण्याच्या प्रत्येक वाड्यात आणि मुंबईच्या प्रत्येक लोकलच्या डब्यात ठाऊक होता, त्यास, आणि त्यात छापील किमतीवर मोजल्या जाणाऱ्या जादा रकमेस, लोक 'ऑन' म्हणत. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या विक्रीत छापील किमतीवर अधिक रक्कम उकळली जाते म्हणून गेल्या काही वर्षांत अमेरिकेत जो गहजब झाला, तो वाचताना ज्यांना आपल्याकडील त्या दिवसांची आठवण झाली नसेल, त्यांचे वय पन्नाशीच्या आत असले पाहिजे.

या टंचाईचे मूळ वस्तूच्या दुर्मिळतेत नव्हते, तर दप्तरात होते. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्याने कोणत्या कारखान्याने काय आणि किती निर्माण करावे हे ठरविण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीवरून असे ठरले की ज्यांची येथेच संपूर्ण उत्पादन करण्याची योजना असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. आणि परदेशी सुटे भाग आणून येथे मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी आपला गाशा गुंडाळला. उरले ते वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेले कुर्ल्याचे प्रीमियर, कलकत्त्याजवळचे हिंदुस्थान आणि मद्रासचे स्टँडर्ड असे मोजके कारखानदार. स्कूटरींच्या बाबतीत मुंबईत भांडुपला लँब्रेटा आणि पुण्याजवळ आकुर्डीला बजाज, एवढाच मुख्य पसारा. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ साली संपल्यावर बजाजने पुढील वर्षी राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' बाजारात आणली, तेव्हा मागणी आणि परवान्याने मंजूर केलेली उत्पादनक्षमता यांचा मेळ बसण्याची शक्यता उरलीच नव्हती. परवान्यापेक्षा अधिक स्कूटरी केल्या म्हणून तुरुंगात जावे लागले तरी आपली तयारी आहे, हे राहुल बजाज यांचे म्हणणे पुढे सर्वश्रुत झाले. देशात वस्तूचा तुटवडा असताना ती वस्तू अधिक निर्माण करणे हा गुन्हा ठरावा, या तर्काचे समर्थन करणारे विद्वान त्या काळी पुष्कळ होते, एवढे सांगून पुढे जावे हे बरे.

सरकारने पुरवठा बांधून ठेवला तशी किंमतही बांधली. मोटारींच्या किमतींचे प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७१ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या खटल्यात न्यायमूर्तींनी चौकशी आयोगाच्या अहवालातील पोलाद, मजुरी आणि भांडवलावरील परतावा यांचे आकडे तपासून मोटारीची वाजवी किंमत काय असावी याचा ऊहापोह केला. न्यायालयाने मोटारीचा भाव पाहावा हा प्रसंग अपूर्वच म्हणावा लागेल; परंतु कारखानदाराच्या दाराशी किंमत कितीही काटेकोरपणे बांधली, तरी दहा माणसांनी मागितलेल्या एका गाडीचे मोल त्या दाराबाहेर पडताच वाढणार, आणि ती वाढ कोणाच्या तरी खिशात जाणार, हे कोणत्याही न्यायनिवाड्याने टळण्यासारखे नव्हते. प्रश्न एवढाच होता की ती कोणाच्या खिशात जावी.

अशा पैशाची आपल्या मुलखास तशी नवलाई नव्हती. पेशवाईत मामलत मिळविताना दरबारच्या मंडळींना जी गुप्त रक्कम पोचती करावी लागे, तिला 'अंतस्थ' म्हणत, आणि ती इतकी नित्याची झाली होती की दरबारखर्च म्हणून तिला हिशेबात जागा मिळू लागली. ऑनने तेवढी प्रतिष्ठा कधी मिळविली नाही. तो कायम रोख, कायम बिनपावतीचा आणि कायम तिसऱ्या माणसाच्या घरी मोजून दिला जाणारा राहिला.

त्याची रीत पाहण्याजोगी होती. नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत दुसऱ्यास विकावयाची नाही, असा निर्बंध त्या नियंत्रण-हुकुमातच होता. अर्थात नंबर विकता येत नव्हता आणि गाडीही विकता येत नव्हती. मग ज्याचा नंबर लागे तो विक्रेत्याकडे जाऊन रीतसर आपल्या नावे गाडी सोडवून घेई. किमतीचे पैसे अर्थातच दुसऱ्याचे असत. आणि दुकानाबाहेर पडल्यावर पहिल्या वळणावर किल्ली, विम्याचा कागद आणि मालकी बदलाच्या कोऱ्या टीटीओ फॉर्मवर केलेल्या सह्या असा ऐवज एका हातातून दुसऱ्या हातात जाई. मुदत संपेपर्यंत गाडी पहिल्याच्या नावे आणि दुसऱ्याच्या अंगणात, असा संसार चाले. त्या अवधीत एखादा अपघात घडला, किंवा चौकात पोलिसाने गाडी अडवून कागद मागितले, तर ज्याने ती गाडी आयुष्यात एकदाच, तीही दुकानापासून वळणापर्यंत चालविली, त्याच्या घरी नोटीस येई. म्हणून व्यवहार ओळखीत होत, भरवशाचा दलाल मध्ये असे, आणि दलालाची दलाली ऑनमधूनच वजा होई. सर्वच वाहनांना सारखा ऑन नव्हता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. बजाजला तो भरघोस मिळे. साताऱ्यास पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीत निघू लागलेल्या 'प्रिया'लाही मिळे. लखनौच्या 'विजय'ला मात्र गिऱ्हाईक तितकेसे आतुर नसे. सरकारने सगळ्यांच्या किमती बांधल्या तरी लोकांचे मत काय आहे ते ऑन तंतोतंत सांगत असे.

यात विक्रेत्याचा वाटा होताच. रद्द झालेले नंबर परस्पर फिरविणे, गिऱ्हाइकाला पत्र उशिरा टाकणे, आधी टायर-ट्यूब आणि सीटकव्हर घ्या मगच गाडी दाखवितो म्हणणे, या युक्त्या त्याला अवगत होत्या. तथापि ऑनचे सारे पाप विक्रेत्याच्या माथी मारण्याची आपली जी सवय आहे, ती मला प्रामाणिक वाटत नाही. नोंदवहीतील नावे पाहिली असती तर त्यांत ज्यांना कधीही स्कूटर चालवायची नव्हती अशांचा भरणा दिसला असता. निवृत्तीला पाच वर्षे राहिलेले शिक्षक, तालुक्याच्या कचेरीतील कारकून, बँकेतील रोखपाल, अशी कायद्याची चाड असणारी पापभीरू मंडळी स्वतःच्या नावे एक, पत्नीच्या नावे एक आणि भावाच्या नावे एक असे नंबर लावून ठेवीत, आणि मुलीच्या लग्नाच्या सुमारास त्यांतला एखादा उजवला तर त्या ऑनमधून मांडवाचा खर्च निघे. ज्या घरी नंबर नसे त्या घरी वरपक्षाने नेमकी स्कूटरच मागितली की वधूपित्याला तोच ऑन दुसऱ्या कोणा सज्जनास मोजावा लागे. मध्यमवर्गाने हा पैसा एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने घेतला. मात्र बोलताना तो नेहमी दिल्याचेच बोलला.

याखेरीज एक राजमार्ग होता. परकीय चलनात किंमत चुकती करणाऱ्यास रांगेबाहेर स्कूटर मिळे. आणि त्यामुळे शिकागोस किंवा लंडनला गेलेल्या पुतण्याची योग्यता त्याने पाठविलेल्या डॉलरांवरून सदाशिव पेठेत ठरू लागली. ज्याचा आप्त परदेशी नव्हता त्याच्यासाठी चलनाचीही सोय करून देणारे होते, हे सांगावयास नकोच.

१९८३ साली मारुतीने दहा हजार रुपये अनामत घेऊन नोंदणी उघडली तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. क्रम सोडतीने लागला, आणि ४७,५०० रुपये किमतीच्या त्या छोट्या मोटारीवर पहिल्या गाड्या रस्त्यावर येतात न येतात तोच ऑन सुरू झाला. पुढे दुचाकींची क्षमता वाढली, बजाजचा वाळूजचा कारखाना निघाला, १९९१ च्या औद्योगिक धोरणाने परवाने गेले आणि १९९३ साली मोटारीही त्यातून सुटल्या. ऑन बंद करण्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही. गाड्या पुरेशा झाल्या आणि तो नाहीसा झाला. विक्रेत्याकडे उरली ती 'हँडलिंग चार्ज' नावाची किरकोळ चिरीमिरी आणि विमा आमच्याकडूनच घ्या हा आग्रह.

अमेरिकेचा इतिहास निराळ्या वाटेने त्याच मुक्कामास येतो. महायुद्धामुळे तेथे फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबले. युद्धानंतर ते सुरू झाले तेव्हा गिऱ्हाईक भुकेले, किमतीवर सरकारी नियंत्रण आणि गाड्या थोड्या. विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाची जुनी गाडी मातीमोलाने घ्यावी, नको असलेली साधने गळ्यात बांधावी, आणि किंचित वापरलेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा महाग विकली जावी, असा तो काळ होता. नियंत्रणे १९४६ च्या अखेरीस उठली, पण किमतीबाबतची संदिग्धता विक्रेत्यांच्या अंगवळणी पडली ती पडलीच. अखेर ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली कायदा झाला की प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर उत्पादकाने सुचविलेली किंमत, जादा साधनांची किंमत आणि वाहतुकीचा खर्च यांचा तपशील चिकटविलेला असलाच पाहिजे. हा कागद आजही तेथे 'मन्रोनी' याच नावाने ओळखला जातो. मात्र कायद्याने किंमत सांगण्याची सक्ती केली, ती पाळण्याची नव्हे. शिवाय १९२०-२१ च्या मंदीत फोर्डने न मागितलेल्या गाड्या विक्रेत्यांच्या गळ्यात मारून त्यांच्याकडून रोख वसूल केली होती. असल्या जुलमापासून बचाव म्हणून राज्याराज्यांतून जे कायदे झाले, त्यांनी कालांतराने विक्रेत्यास असे कवच दिले की अनेक राज्यांत उत्पादकाने स्वतः दुकान मांडणेच निषिद्ध ठरले. टेस्लाने थेट विक्री सुरू केली तेव्हा तिला राज्याराज्यांत कज्जे लढावे लागले ते याच कायद्यांपायी.

मे २०२१ मध्ये फोर्डने विजेवर चालणारा 'एफ-१५० लाइटनिंग' हा ट्रक चाळीस हजार डॉलरांच्या आत आणण्याची घोषणा केली. शंभर डॉलर अनामत ठेवून वर्षअखेरपर्यंत दोन लाखांच्या घरात लोकांनी नाव नोंदविले. तिकडे संगणकीय चिपांच्या तुटवड्याने सगळेच कारखाने अडलेले. झाले! मन्रोनीच्या कागदाशेजारी काही विक्रेत्यांनी आपला दुसरा कागद डकविला आणि त्यावर 'बाजारभावानुसार जादा' म्हणून दहा-दहा, वीस-वीस हजार डॉलरांचे आकडे उघडपणे छापले. आमच्या दलालाने जे कधी कागदावर येऊ दिले नाही, ते त्यांनी काचेवर लावले, हा काय तो फरक. जानेवारी २०२२ मध्ये फोर्डने आपल्या विक्रेत्यांना खरमरीत पत्र पाठवून पुढील गाड्या रोखण्याची धमकी दिली. जनरल मोटर्सनेही तसेच केले. फोर्डच्या त्या पत्रात आणखी एक तजवीज होती, आणि ती वाचून मी थक्क झालो: विक्रेत्याची इच्छा असल्यास त्याने गिऱ्हाइकाकडून, घेतलेला ट्रक वर्षभर कोणासही विकणार नाही, असे लिहून घ्यावे. मुक्त व्यापाराचा उद्घोष करणाऱ्या देशातील सर्वांत मोठ्या कारखानदारांपैकी एकास, १९६० च्या सुमारास दिल्लीतील एखाद्या अवर सचिवाने लिहिलेल्या कलमाचा आधार घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, मागणी ओसरल्यावर त्याच ट्रकच्या काही प्रकारांची किंमत फोर्डने सुमारे दहा हजार डॉलरपर्यंत उतरविली. ज्यांनी वर्षापूर्वी ऑन मोजला होता त्यांचे कर्ज गाडीच्या किमतीहून मोठे दिसू लागले असल्यास नवल नाही.

आपल्याकडे विजेच्या गाडीबरोबर तो जुना ऑन परत आला नाही, रांग मात्र आली. चेतक हे नाव बजाजने जानेवारी २०२० मध्ये विजेच्या स्कूटरसाठी पुन्हा काढले, आणि एप्रिल २०२१ मध्ये पुणे व बंगळूर येथे खुली केलेली नोंदणी दोन दिवसांत बंद करावी लागली. पण जादा रकमेने आता विक्रेत्याचे बोट सोडून अनुदानाचे धरले. केंद्राच्या अनुदानास पात्र ठरण्यासाठी दुचाकीची कारखान्याच्या दारातील किंमत दीड लाखाच्या आत हवी असे बंधन होते. तेव्हा काही उत्पादकांनी चार्जर आणि काही संगणकीय सुविधा यांची स्वतंत्र पावती फाडली आणि गाडीची किंमत मर्यादेत राखली. चार्जरशिवाय विजेची स्कूटर घेऊन घरी जाणारा गिऱ्हाईक मी तरी ऐकलेला नाही. सरकारने हे ताडले, आणि २०२३ साली कंपन्यांना चार्जरचे पैसे गिऱ्हाइकांना परत करण्याचे कबूल करावे लागले. एकट्या एका कंपनीचा आकडा सुमारे १३० कोटी रुपयांचा होता. पूर्वीच्या पिढीला ऑन परत मिळाल्याचे एकही उदाहरण नाही.

आणि १५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाने स्वतःचे दालन उघडले. तेथे मधला विक्रेता नाही, घासाघीस नाही. किमतीचा आकडा सर्वांना सारखाच, तेव्हा तो ५९.८९ लाखांपासून पुढे होता. त्याच जातकुळीची मोटार अमेरिकेत तेव्हा साधारण ४५ हजार डॉलरांना, म्हणजे सुमारे ३९ लाखांना मिळत होती. मधली तफावत मुख्यतः आयात शुल्काची असल्यामुळे ती रीतसर पावतीनिशी सरकारजमा होते.