दोन भिंगांतला नाईल

एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या सुखवस्तू घरांत एक लहानशी लाकडी पेटी असे. तिच्यात पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवलेली, जवळजवळ सारखीच दोन छायाचित्रे सरकवायची आणि डोळे भिंगांना लावायचे. डावा डोळा एक चित्र पाही, उजवा दुसरे. मेंदू दोहोंचे एक करी आणि सपाट कागदाला खोली येई. हा स्टिरिओस्कोप. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर त्याची मोठी चलती झाली.

लिव्हरपूलमधला किराणा मालाचा धंदा विकून फ्रान्सिस फ्रिथ १८५६ साली इजिप्तला गेला, तेव्हा त्याच्या तीन कॅमेऱ्यांपैकी एक असा दुहेरी होता. काचेवर कलोडियन ओतायचे, ओले असतानाच चित्र टिपायचे आणि लगेच धुवायचे. उन्हाने तंबूत ते द्रावण उकळे, म्हणून कधी प्राचीन थडग्यांच्या गारव्यात काम चाले. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या आपल्या गाडीत जनानखाना आहे असे तिथल्या लोकांना वाटले, असे त्याने लिहून ठेवले आहे. लोकांना खरेच तसे वाटले, की लंडनच्या गिऱ्हाइकाला पूर्वेकडे जनानखाना हवाच होता? आम्हाला दुसरे अधिक पटते.

अस्वानजवळच्या फिली बेटावरचे इसिसचे मंदिर त्याने टिपले. इथेच इ.स. ३९४ मध्ये शेवटचा ज्ञात चित्रलिपी लेख कोरला गेला. स्थानिक लोक मात्र या जागेला अनस अल-वुजूदचा महाल म्हणत. अलिफ लैलातल्या या आशिकाची माशूका याच बेटावर कोंडली होती, अशी त्यांची समजूत. देवी विस्मरणात गेली, तरी दगडांना त्यांनी नवा किस्सा दिला. त्या पेटीतल्या पुठ्ठ्यांवर हा किस्सा मावला नाही.

१९०२ साली अस्वानचे पहिले धरण झाले आणि मंदिर वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहू लागले. खांबांवरचे रंग धुऊन गेले. फ्रिथच्या चित्रांत रंग नव्हतेच. आकार तेवढे उरले. पुढे उंच धरण आले, तेव्हा युनेस्कोच्या मदतीने मंदिराचे दगड सुटे करून शेजारच्या अगिलकिया बेटावर नेले. १९८० मध्ये ते पुन्हा खुले झाले.

मंदिर हलवले ते योग्यच झाले. पण त्याच धरणापायी १९६३-६४ मध्ये इजिप्तमधले सुमारे ५०,००० नुबियन लोक घरदार, खजुरीची झाडे, कबरी सोडून कोम ओम्बोच्या बाजूला नेले गेले. नदीपासून दूर वसवलेल्या त्या वस्त्यांना बुडालेल्या गावांचीच नावे दिली गेली.