दुसऱ्या द्वारपालाची कुळकथा

दिव्याहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत नागोठणं सुटलं की निडी, आणि निडीनंतर रोहा. १९८६ साली रूळ रोह्यापर्यंत पोचले तेव्हा हा मार्ग एकेरी होता. दुहेरीकरण पुष्कळ नंतरचं. एकेरी मार्गाचा प्रश्न साधा, पण जिवावरचा. समोरून गाडी सुटलेली नाही, याची हमी ड्रायव्हरला कोण देणार? संगणकांच्या जाळ्यात ‘हा माणूस खरा का, याला आत सोडायचं का’ हे ठरवणारे सर्व्हर आज जोडीनं बसवतात. त्या रिवाजाचा मूळपुरुष मला या प्रश्नात दिसतो. रक्ताचं नातं सिद्ध करता येणार नाही, तोंडवळा मात्र तोच.

ब्रिटनमध्ये सुरुवातीला एका टप्प्याला एकच दांडा असे. दांडा हातात असेल तरच गाडी पुढे जायची. पद्धत सुरक्षित, पण अडचणीची: एक गाडी दांडा घेऊन पलीकडे गेली की मागचीनं तो परत येईपर्यंत ताटकळायचं. तारेनं संदेश पाठवून गाड्या सोडायची सोयही होती. १० सप्टेंबर १८७४ रोजी नॉर्विचजवळ थॉर्पला संदेशांचा घोळ झाला, दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर एडवर्ड टायरनं १८७८ मध्ये जो तोडगा काढला तो माझ्या मते या कुळातला सगळ्यात हुशार. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्हीत टोकनं भरलेली, मध्ये विजेची तार. टोकन कुठल्याही टोकाला काढता येतं. पण एक बाहेर आलं की ते दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दोन्ही यंत्रं बंद. परवानगी देणारे दोन, परवानगी एकच. भारतात हाच विचार नीलच्या यंत्रातून रुळला. त्यातला टोकन म्हणून वापरलेला पोलादी गोळा पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला, आणि ते कडं धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून झेलायचं.

यंत्रच बिघडलं तर? मग स्टेशनमास्तर एकमेकांना फोनवर ‘प्रायव्हेट नंबर’ देतात. छापील तक्त्यातला दोन आकडी नंबर, एकदा दिला की खोडायचा. ओटीपी येण्याच्या कितीतरी आधीची ही चाल. त्यानंतर ड्रायव्हरच्या हाती कागदी लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जायची लेखी परवानगी, पडते.

संगणकवाल्यांना हे सगळं नव्यानं शोधावं लागलं. एमआयटीत १९८३ मध्ये ‘अथेना’ प्रकल्प सुरू झाला. कॅम्पसभर संगणक, कुठल्याही खुर्चीवर कुणीही बसणार; पासवर्ड प्रत्येक यंत्रात ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून ओळख पटवण्याचं काम एका सर्व्हरकडे दिलं. त्याचं नाव ‘कर्बेरोस’, ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या कुत्र्यावरून. तो सर्व्हर पडला तर सगळं कॅम्पस दाराबाहेर, म्हणून त्याच्या प्रती ठेवल्या. कर्बेरोसवरच्या १९८८ च्या निबंधात ही मांडणी दिली आहे: बदल फक्त मुख्य सर्व्हरवर, आणि दर तासाला सगळी यादी दुय्यमांकडे. म्हणजे नवा पासवर्ड सगळीकडे पोचायला तासभर लागू शकायचा, आणि मुख्य सर्व्हर बंद असेल तर पासवर्ड बदलताच यायचा नाही. टायरचं यंत्र एवढा वेळ मागत नव्हतं. पण त्याला सांभाळायची होती एकच परवानगी.

मोडेमच्या काळात लिव्हिंग्स्टन कंपनीनं ओळख पटवण्याची ‘रेडियस’ ही पद्धत बनवली. तिच्या नियमावलीतलं कारण मला आवडतं: माणूस काही सेकंद थांबेल, काही मिनिटं थांबणार नाही, म्हणून पहिला सर्व्हर गप्प बसला तर दुसऱ्याला विचारा. मायक्रोसॉफ्टनं १९९३ च्या विंडोज एनटीत एक मुख्य आणि बाकीचे राखीव अशी उतरंड ठेवली. विंडोज २००० पासून सगळे जवळपास बरोबरीचे झाले: कुठेही बदल करा, तो बाकीच्यांकडे आपोआप जातो.

दोन सर्व्हर एकाच कपाटात, एकाच यूपीएसवर ठेवले तर ते दोन नव्हेतच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं रायगडात वीज आणि फोन कित्येक दिवस बंद पाडले, तेव्हा हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

पण खरी अडचण निघाली ती त्या ‘आपोआप’मध्येच. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हे विध्वंसक सॉफ्टवेअर युक्रेनमधून पसरलं. मर्स्क या जहाज कंपनीचे ओळख पटवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर विखुरलेले होते, एकमेकांची प्रत ठेवणारे. एक गेला तर बाकीच्यांवरून परत उभारता येईल, हा हिशेब. सगळे एकदम जातील हे त्या हिशेबात नव्हतं. ते गेले. उरला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता. त्याच्या डिस्कवरची माहिती जाळ्यावरून ब्रिटनला पाठवायला वेग पुरेना, तिथल्या माणसांकडे ब्रिटिश व्हिसा नव्हता. शेवटी एकानं ती डिस्कच नायजेरियाच्या विमानतळावर नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनला गेला. दरम्यान रायगडातल्याच उरण तालुक्यात, जेएनपीटी बंदरात, याच गटाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं होतं आणि कंटेनरचा हिशेब हातानं ठेवण्याची वेळ आली होती.