शेर नदीवरील स्त्रियांचा वाडा

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते. परंतु त्या देशाचा इतिहास निवांतपणे वाचावयाचा तर लोआर नदीच्या खोऱ्यातच जावयास हवे. द्राक्षमळे आणि पांढऱ्या मऊ दगडाची गावे ओलांडीत आमची मंडळी मार्गदर्शकामागून तेथे हिंडली. आँब्वाझला लिओनार्दो दा विंचीने १५१९ साली देह ठेवला. शाँबोरचा दुहेरी जिना थक्क करतो खरा; पण तो बांधविणारा राजा पहिला फ्रान्स्वा तेथे साऱ्या हयातीत काही आठवडेच राहिला! आम्हांस ओढ लागली ती शेर नदीकाठच्या शनाँसोची.

हा वाडा स्त्रियांनी घडविला व राखला. तोमा बोईये युद्धांनिमित्त इटलीत असे, तेव्हा बांधकामावर देखरेख केली ती पत्नी कातरीन ब्रिसोने हिने. १५४७ साली दुसऱ्या आँरीने तो आपल्या प्रियतमेस, दियान द प्वातियेला दिला. तिने नदीवर पूल बांधविला. १५५९ मध्ये राजा निवर्तताच राणी कातरीन द मेदिचीने तिला शोमोंचा वाडा देऊन शनाँसो सोडावयास लावले, आणि त्याच पुलावर साठ मीटर लांबीचे दालन उभारले. सवतीमत्सराची अशी देखणी खूण आम्ही तरी अन्यत्र पाहिली नाही. पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत वाडा वाचला तो वृद्ध लुईझ द्युपँबाईंमुळे. एके काळी रूसो त्यांचा लेखनिक होता. स्त्रियांच्या हक्कांविषयीचा त्यांचा मोठा ग्रंथ मात्र त्यांच्या हयातीत अप्रकाशितच राहिला. रूसोचे नाव जगभर, आणि बाईंचे या वाड्यापुरते!

आम्ही सर्वाधिक रेंगाळलो ते त्या दालनात. पहिल्या महायुद्धात येथे रुग्णालय होते. दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांनी या खिडक्यांतून खालचे पाणी पाहिले. १९४० मध्ये शेर नदीच सीमा ठरली. उत्तरेस जर्मन अंमल, दक्षिणेस तो नसलेला प्रदेश. वाड्याचे महाद्वार एका बाजूस, दालनाचे टोकाचे दार दुसऱ्या बाजूस. १९४२ च्या नोव्हेंबरात जर्मनांनी दक्षिणही व्यापीपर्यंत कित्येक जीव या काळ्यापांढऱ्या फरसबंदीवरून पलीकडे निसटले. अंतर साठ मीटरच. ते दार मार्गदर्शकाने दाखविले. साधे लाकडी दार, त्यापलीकडे झाडी.

आमच्यातील एका आजीबाई तेवढे साठ मीटर एकट्याच चालून गेल्या, आणि दाराला हात लावून परत आल्या.