परवाना आणि परीक्षा
(नभोवाणीवरील भाषण)



लंडनच्या दक्षिण भागांत क्रिस्टल पॅलेस नांवाचें एक प्रचंड काचगृह पूर्वीं उभें होतें. त्याच्या आवारांत १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लोकांना मोटारींतून फिरवून आणण्याचा कार्यक्रम चालला होता. त्यांतील एका गाडीची धडक चाळिशी उलटलेल्या एका स्त्रीला बसली आणि तींत तिचा अंत झाला. ब्रिटनमध्यें मोटारीखालीं सांपडून मेलेली ही पहिली पादचारी व्यक्ति होय. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, चालकाचा मोटारीशीं परिचय अवघा तीन आठवड्यांचा होता. रस्त्याच्या कोणत्या बाजूनें गाडी हांकावी हेंहि त्याला कोणीं सांगितलेलें नव्हतें. परवाना त्याच्यापाशीं नव्हता, कारण परवाना ही वस्तूच त्या देशांत अद्याप जन्मास आली नव्हती. पंचांनीं ‘अपघाती मृत्यु’ असा निर्णय दिला आणि सर्व मंडळी घरोघर गेली.

आज मोटार शिकूं पाहणारा तरुण आर. टी. ओ. च्या कचेरींत जातो, तेव्हां त्याला पहिला प्रश्न विचारतात तो हाच : वाहन कोणत्या बाजूनें चालवावें? उत्तर तो एका शब्दांत देतो. परंतु हा प्रश्न विचारण्याइतकें शहाणपण सरकारांना येण्यास किती काळ लागला आणि त्यापायीं किती माणसें गेलीं, तो इतिहास मजेदार नसला तरी जाणून घेण्याजोगा खास आहे.

बाजूचा नियम मोटारीहून पुष्कळच जुना. इ. स. १३०० मध्यें पोप आठवा बोनिफेस यानें यात्रापर्व पुकारलें, तेव्हां रोमच्या पुलावर जाणाऱ्यांचा व येणाऱ्यांचा असे दोन प्रवाह वेगळे केले होते. महाकवि दान्ते यानें आपल्या काव्यांत त्याचा दाखला दिला आहे. लंडन ब्रिजवर डाव्या बाजूनें जाण्याचा निर्बंध १७५६ सालीं आला आणि १८३५ च्या हमरस्त्यांच्या कायद्यानें तो ब्रिटनभर लागू झाला. स्वार उजव्या हातानें तलवार चालवी, म्हणून तो डावीकडून जाई, अशी एक कथा सर्वत्र सांगतात. कथा चटकदार आहे. पुरावा मात्र तितका भरघोस नाहीं. खरें पाहतां डावी कीं उजवी, यांत पुण्यपाप कांहींच नाहीं. सर्वांनीं एकच बाजू धरावी एवढेंच त्यांतलें मर्म. पोर्तुगालनें १९२८ मध्यें उजवी बाजू पत्करली, पण गोमंतक त्याच पोर्तुगीज अमलाखालीं असूनहि डावीकडूनच चालत राहिला. कारण त्याच्या तिन्ही सीमांपलीकडला मुलूख डावीकडून चालणारा होता. लिस्बनचा हुकूम मोठा खरा, परंतु सावंतवाडीहून समोर येणारी गाडी त्याहून मोठी!

स्वीडनची हकीकत याहून बोधप्रद आहे. तेथें १९५५ सालीं जनमत घेतलें असतां शेंकडा ८३ लोकांनीं डावी बाजू सोडण्यास नकार दिला. तरीहि शेजारी देशांशीं मेळ घालण्यासाठीं सरकारनें ३ सप्टेंबर १९६७ हा दिवस मुक्रर केला. पहांटे ४ वाजून ५० मिनिटांनीं रस्त्यावरचें प्रत्येक वाहन थांबलें, सावकाश उजवीकडे सरकलें आणि पांचाच्या ठोक्याला पुनः चालूं लागलें. आतां अनर्थ होणार असें पुष्कळांना वाटत होतें. झालें उलटेंच, आरंभीं अपघात कमी झाले. सारा देश एका रात्रींत शिकाऊ झाला होता आणि शिकाऊ माणूस जपून चालतो. पुढें संवय अंगवळणी पडली तशी अपघातांची संख्याहि दोन वर्षांत पूर्वपदावर आली.

आतां परवान्याकडे वळूं. ब्रिटनमध्यें १८६५ च्या कायद्यानें स्वयंचलित गाडीला गांवांत ताशीं दोन मैल व बाहेर चार मैल एवढीच गति दिली होती आणि तिच्या पुढें साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे असें ठरविलें होतें. त्या काळच्या वाफेच्या अवजड यंत्रांना उद्देशून केलेला हा नियम आज हास्यास्पद वाटतो. परंतु रस्ता चालणाऱ्याचा आहे, यंत्र हा तेथला पाहुणा आहे, ही जाणीव त्यांत होती. हें बंधन १८९६ च्या नोव्हेंबरांत सुटलें. मागाहून १९०३ चा मोटार कायदा झाला. त्यानें गाडीला क्रमांक दिला, वेगाला ताशीं वीस मैलांची मर्यादा घातली आणि चालकाला परवाना आवश्यक केला. परंतु तो परवाना म्हणजे काय? पांच शिलिंग भरल्याची पावती! मागणाऱ्याला गाडी येते कीं नाहीं, हें विचारण्याची तसदी कोणी घेत नसे. फ्रान्स या बाबतींत पुढें होता. पॅरिसच्या पोलिसांनीं १८९३ सालींच चालकाला योग्यतेचा दाखला सक्तीचा केला होता.

मध्यंतरीं सिग्नल आले. पहिला सिग्नल मोटारीसाठीं नव्हताच. लंडनच्या पार्लमेंटजवळील चौकांत घोडागाड्यांची गर्दी आवरण्यासाठीं जॉन पीक नाइट या रेल्वे-एंजिनियरानें तो १८६८ च्या डिसेंबरांत उभारला. दिवसा आगगाडीप्रमाणें हात वर-खालीं होत, रात्रीं गॅसचे तांबडे-हिरवे दिवे लागत. जानेवारींतच गॅसचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस जबर जखमी झाला आणि हा प्रयोग बारगळला. विजेचा सिग्नल अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें १९१४ मध्यें लागला, आणि पिवळा दिवा १९२० च्या सुमारास डेट्रॉइटच्या एका पोलिसानें मध्यें घातला. थांबण्याची सूचना आगाऊ मिळावी हा त्याचा हेतु. आपल्याकडे पुष्कळांनीं त्याचा अर्थ ‘लौकर निसटा’ असा लाविला आहे, त्याला त्या पोलिसाचा इलाज नाहीं.

ब्रिटननें १९३० मध्यें एक विलक्षण पाऊल टाकलें. वीस मैलांची मर्यादा कोणीच पाळीत नाहीं, म्हणून हलक्या मोटारींवरील वेगमर्यादा सरकारनें साफ काढून टाकली! लोकांच्या सुबुद्धीवर भिस्त ठेवून १९३१ सालीं एक पेनी किंमतीची ‘हायवे कोड’ ही नियमपुस्तिका छापली. सुबुद्धीचा हिशेब असा निघाला : १९३४ या एका वर्षांत ७,३४३ माणसें रस्त्यावर ठार झालीं. आज त्या देशांत गाड्या कैक पटींनीं वाढल्या आहेत, तरी २०२२ सालचा आंकडा १,७११ आहे. तेव्हां १९३४ चा कायदा झाला; वस्तींत ताशीं तीस मैलांची मर्यादा परत आली आणि १ जून १९३५ पासून नवीन चालकाला प्रत्यक्ष परीक्षा सक्तीची झाली. फी साडेसात शिलिंग. परीक्षेच्या कचेऱ्याच नव्हत्या. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशनाशीं नाहींतर एखाद्या बागेपाशीं गांठीत आणि तेथूनच गाडींत बसून निघत. शंभरांतले सुमारें त्रेसष्ट उमेदवार उतरले. क्रिस्टल पॅलेसच्या त्या दुर्दैवी दिवसानंतर हा एक साधा प्रश्न विचारण्यास सुमारें एकोणचाळीस वर्षें लागलीं.

हिंदुस्थानांत मोटारींचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ चा. त्याची जागा १९३९ च्या विस्तृत कायद्यानें घेतली. चालकाची परीक्षा कशी घ्यावी हें त्याच्या एका परिशिष्टांत सांगितलें होतें. हल्लींचा कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे. त्यान्वयें आधीं शिकाऊ परवाना मिळतो, तो सहा महिने चालतो. निदान तीस दिवस गेल्यावांचून पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. शिकत असतां शेजारीं परवानाधारक माणूस बसला पाहिजे आणि गाडीच्या पुढें-मागें पांढऱ्यावर तांबडें ‘एल’ अक्षर पाहिजे. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून आपल्या राज्यांत घरबसल्या संगणकावर देण्याचीहि सोय झाली आहे. सोय उत्तम, मात्र उत्तरें देणारा हात कोणाचा, याची खात्री वर्गांत पर्यवेक्षण केलेल्या माझ्यासारख्याला तरी सहजासहजीं पटत नाहीं.

माझी तक्रार परीक्षेच्या सुलभतेविषयीं तितकीशी नाहीं. तक्रार ही कीं, उमेदवार खुणेचें नांव पाठ करतो, नियमाचें कारण त्याला कोणी विचारीत नाहीं. घाटांतला नियम घ्या. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्यानें चढणाऱ्याला वाट द्यावी. कां? भरलेली गाडी चढणीवर एकदां थांबली कीं पुनः उचलतांना मागें घसरण्याचें भय असतें. उतरणाऱ्याला थांबून पुनः निघणें त्या मानानें सोपें. बोरघाटाचा रस्ता १८३० सालीं चाकांच्या गाड्यांना खुला झाला. त्या वाटेनें चढणाऱ्या बैलगाडीवाल्याला हें तत्त्व पुस्तकावांचून समजत असेल. मोटार हांकणाऱ्याला मात्र तें पुस्तकांतूनहि समजत नाहीं, कारण त्यानें कारण वाचलेलेंच नसतें.

दुसरें उदाहरण ब्रेकचें. ताशीं वीस मैलांच्या वेगांत, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारें ६ मीटर जातात, असें ब्रिटिश नियमपुस्तिका सांगते. वेग दुप्पट, म्हणजे चाळीस मैल केला, तर अंतर किती? सामान्य माणूस १२ म्हणेल. उत्तर २४ आहे. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत तें वाढतें, हें आमच्या शाळेंतलें गणित. शिवाय पाय ब्रेकवर जाण्यापूर्वीं मन विचार करतें, तेवढ्या अवधींत गाडी वीस मैलांच्या वेगानें आणखी ६ मीटर आणि चाळीसच्या वेगानें १२ मीटर पुढें गेलेली असते. एकूण बेरीज १२ मीटर आणि ३६ मीटर. शाळेसमोर चेंडूमागें धांवणारें मूल या दोन आंकड्यांच्या मध्यें कोठेंतरी असतें. पावसाळ्यांत तर दोन्ही आंकडे वाढतात. हा एकच प्रश्न परीक्षेंत नेमानें विचारला जावा, असें मला फार वाटतें. गाडी इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी वळवून दाखविण्यापेक्षां त्याचें मोल अधिक आहे.

आपल्या देशांत २०२२ या वर्षीं रस्त्यावर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, हा सरकारी अहवालांतील आंकडा आहे. तो ऐकणाऱ्या घरांपैकीं पुष्कळांत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि किल्ली कोठें टांगलेली असते हें त्यांना ठाऊक असेल. त्या घरांतील वडील मंडळींसाठीं एक गोष्ट सांगून ठेवतों. १९८८ च्या कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तींत अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड त्याला होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. मुलाला मोकळीक कशी दिली हें आम्हांस ठाऊक नव्हतें, किंवा गुन्हा टाळण्यासाठीं आम्हीं आपल्याकडून पुरती काळजी घेतली होती, असें सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्यानें पालकावरच टाकली आहे.